नाना पुढच्या महिन्यात येणार होते

देवरे नानांचा ट्यूबलाइटवर विश्वास नव्हता. कापडाचा तुकडा हातात आला की ते खुर्चीवरून उठत, उत्तरेच्या खिडकीपाशी जात, एक डोळा मिटत आणि तो तुकडा मूळ नमुन्याशेजारी धरत. दिवसातून पन्नास वेळा. सुरतेच्या रिंग रोडवर दुसऱ्या मजल्यावर आमच्या साड्यांच्या कंपनीचं हेड ऑफिस होतं आणि तिथे नाना शेड बघायचे. म्हणजे पलसाण्याच्या मिलमध्ये रंगून आलेलं कापड व्यापाऱ्याला दाखवलेल्या रंगाशी जुळतं की नाही, ते ठरवायचे.

‘जुळतं’ आणि ‘जुळत नाही’ हे शब्द मात्र त्यांच्या तोंडी कधी नसत. “हा सख्खा आहे,” म्हणाले की माल रवाना. “चुलत आहे” म्हणजे एकदा परत रंगात घाला. “मावस” म्हणजे बरंच काम बाकी. आणि एखादा तुकडा अगदीच भलता आला, तर तो दोन बोटांत धरून ते म्हणत, “हा जावई आहे. कितीही करा, आपल्यातला व्हायचा नाही.” पलसाण्याचे रंगारी मास्तर फोनवर गंभीरपणे विचारायचे, “नाना, सकाळचा गुलाबी कोण निघाला?” नव्या माणसाला वाटायचं, ऑफिसात कुणाच्या तरी लग्नाची बोलणी चालली आहेत.

मी तिथे टायपिस्ट होते, बावीस वर्षांची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सुरतेतच लिंबायतला लूमवर कामाला होते. आम्ही मूळचे नंदुरबारकडच्या एका खेड्यातले आणि नानाही तिथलेच. लिंबायतला त्यांची गल्ली आमच्या गल्लीला लागून होती. मला नोकरी त्यांनीच लावली. आबा कां कूं करायला लागले, तेव्हा म्हणाले, “मन्हा टेबलसमोर बसी ती. तू कसाले काळजी करस?” गावाकडून काम शोधायला आलेला प्रत्येक माणूस पॅसेंजरमधून उतरला की पहिले पंधरा दिवस नानांकडेच टेकायचा. नाना रोज ऑफिसात येऊन या पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडत आणि संध्याकाळी जाताना त्यांच्यासाठी जास्तीची मेथी घेऊन जात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना छोट्या शेठना मुंबईचं स्वप्न पडलं. मोठे शेठ थकले होते आणि छोटे शेठ शिकून आले होते. हेड ऑफिस मुंबईत असलं की बँका वेगळ्या नजरेने बघतात, असं त्यांचं म्हणणं. अंधेरीला जागा घेतली गेली. मग प्रत्येकाच्या टेबलावर एकेक छापील कागद आला. त्यावर दोन चौकोन होते, ‘येण्यास तयार आहे’ आणि ‘येण्यास तयार नाही’. पंधरा दिवसांत एकात खूण करून सही करायची. जे येणार नाहीत त्यांची पलसाण्याच्या मिलच्या ऑफिसात सोय लावायची होती, पण तिथे टायपिस्ट आधीच होती. म्हणजे माझ्यापुढे मुंबई किंवा घर.

छोटे शेठ मराठी माणसांवर खूश होते. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नाना, तमे तो तमारे घेर जाओ छो!” नाना हसून म्हणाले, “शेठ, माझं गाव सुरतहून चार तास. मुंबईला निघालो तरी मला वाटेत सुरतच लागते.” शेठनी मान डोलावली. नकाशाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता.

ते पंधरा दिवस ऑफिसात काम असं झालंच नाही. अकाउंट्सचे एक काका आठवडाभर मुंबईच्या पाण्याला नावं ठेवत होते. ते पाणी त्यांनी कधी प्यायलेलं नव्हतं. जो तो जेवणाच्या सुट्टीत नानांकडे सल्ल्याला यायचा आणि नाना ज्याला जे ऐकायचं असेल ते त्याला ऐकवायचे. ज्याची बायको मुंबईला जायला उत्सुक त्याला म्हणायचे, “पोरांचं शिक्षण होईल.” ज्याने नुकतंच घर बांधलं त्याला म्हणायचे, “अरे, भिंतींचं पाणी तरी सुकू दे.” दोघेही समाधानाने परत जायचे.

मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. घरी मात्र रणकंदन. जवळच्या गोडादऱ्याचे मोठे काका रोज संध्याकाळी येऊन बसायचे. मुलगी एकटी मुंबईला? भाऊबंदांत तोंड कुठे दाखवायचं? त्यांनी शिरपूरचं एक स्थळही काढून ठेवलं होतं. मुलाचं खतांचं दुकान होतं आणि त्याला नोकरी करणारी बायको नको होती. आई पदर डोळ्याला लावायची. आबा काहीच बोलत नसत. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, घरीही त्यांना फारसं बोलायची सवय नव्हती. मला त्यांच्या त्या गप्प बसण्याचा सगळ्यांत जास्त राग यायचा.

मुदतीला चार दिवस उरले असताना नानांनी खूण केली. ‘येण्यास तयार आहे’ या चौकोनात. ऑफिस गार पडलं. पाहुण्यांनी भरलेलं घर आणि सुरतेत काढलेली वीस वर्षं सोडून हा माणूस मुंबईला निघाला! कुणी विचारलं तर म्हणायचे, “तिथे खोली इतकी लहान मिळते म्हणे, की पाहुणा आला तरी उभाच राहील. मला तेवढंच पाहिजे.”

त्याच संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मोठे काका बसलेलेच होते. नानांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि जणू हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणाले, “मी चालनू ना मुंबईले. नानीबी शे. पोर आमनाजोडे ऱ्हाई.” मोठे काका टोपी शोधायला लागले. गावातला, नात्यागोत्यातला वडीलधारा माणूस बायकोसकट जातो आहे म्हटल्यावर बोलायला जागाच उरली नाही. आबा कपाकडे बघत म्हणाले, “मग ठीक शे.” मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले.

निघायच्या वेळी कळलं की शेडचं कपाट आवरून द्यायला नानांना सुरतेतच थांबवून घेतलंय. बारा वर्षांचे नमुने होते, ते लावून पुढच्या महिन्यात येतील. तोवर मी अंधेरीच्या एका लेडीज हॉस्टेलवर राहायचं. एकाच महिन्याचा प्रश्न होता. मी बादलीसुद्धा विकत घेतली नाही, शेजारच्या मुलीची वापरत राहिले. आणि रोज रडत राहिले, हेही सांगून टाकते. ऑफिसात सगळे भराभर बोलायचे आणि माझ्या ‘शे’ आणि ‘ऱ्हाई’ला हसायचे. नानांची पोस्टकार्डं यायची. ‘कपाट आवरत आले आहे. पुढील महिन्यात निघतो. जेवणाची आबाळ करू नये.’ दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या कार्डात एक प्रश्न होता: ‘ऑफिसात उत्तरेला खिडकी आहे का, ते कळव.’ मी खांब मोजून, सूर्य बघून प्रामाणिकपणे कळवलं, की नाही. सगळीकडे काळी काच आहे.

दहा दिवसांनी नानांचा अर्ज आला. टपाल उघडायचं काम माझ्याकडे असल्यामुळे तो माझ्याच टेबलावर आला. ‘मुंबई येथील कार्यालयात उत्तरेस खिडकी नसल्याने मी तेथे शेडचे काम करण्यास असमर्थ आहे. सबब माझी संमती रद्द समजण्यात यावी.’ मी तो तीनदा वाचला. मग बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि संध्याकाळी बाजारात जाऊन एक निळी बादली आणि मग विकत घेतला.

मोठे काका पोरीला परत बोलवा म्हणाले, पण तोवर माझे तीन पगार घरी पोचले होते. इकडे छोटे शेठ भडकले. ज्यांनी वेळेत नाही म्हटलं होतं त्यांना पलसाण्यात टेबल-खुर्ची मिळाली होती. नानांनी मुदत उलटल्यावर शब्द फिरवला, म्हणून त्यांना फोल्डिंग खात्यात टाकलं. तिथे कापडाच्या घड्या घालून घेतात. दिवसभराचं उभ्याचं काम, पन्नाशी उलटलेल्या माणसाला. कंपनीत मात्र त्यांची दंतकथा झाली. नाना उजेडासाठी थांबले, खरा कलावंत माणूस! मला विचाराल तर, मला वाटलं, बरं झालं. उभे राहा म्हणावं.

उजेडाची कथा पुढे खरीही ठरली. अंधेरीच्या एसी ऑफिसात पास केलेला राणी रंगाचा लॉट बाजारातून परत आला. साडी एक आणि ब्लाउजपीस भलतंच. तेव्हापासून नमुने कुरिअरने पलसाण्याला जायला लागले. नाना फोल्डिंगमधून अंगणात येऊन ते बघत आणि चिठ्ठी पाठवत, ‘राणी: मावस. मोरपंखी: सख्खा.’ मी त्याचं इंग्रजी करून शेठना देत असे. हेड ऑफिसचा निर्णय अशा रीतीने पलसाण्याच्या अंगणात होत होता. खुर्ची काही नानांकडे परत आली नाही.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कार्डांना उत्तरं दिली नाहीत. एका दिवाळीला गल्लीच्या तोंडाशी समोरासमोर आलो. पाय सुजलेले दिसत होते. म्हणाले, “माय, मुंबईत बरं चाललंय ना?” मी म्हटलं, “तुम्ही येऊन बघायचं होतं.” “येऊ की,” ते हसले, “पुढच्या महिन्यात.” मी तशीच पुढे निघून गेले. तोवर मी कॉम्प्युटर शिकले होते, छोट्या शेठची सगळी पत्रं मीच लिहीत होते. ते त्यांना ऐकवायचं राहून गेलं, याचीच मला चुटपुट लागली.

चौथ्या वर्षी नाना गेले. फोल्डिंग खात्यातच छातीत कळ आली. मी दहाव्याला लिंबायतला आले. आली होती ती सगळी पंधरा-पंधरा दिवस त्यांच्या घरी राहिलेली माणसं, गल्ली पुरत नव्हती. परत येताना मी आबांना म्हटलं, “माणूस चांगला होता. पण माझ्याशी खोटं वागला.”

आबा चालायचे थांबले.

“सही कर म्हनीसन मीच सांगेल व्हतं त्याले,” ते म्हणाले. “त्याले जानं नव्हतंच. पण तुन्हा मोठा काकाले गप करानं, तं कोनतरी सोबत पाहिजे व्हतं.”

 मग मी विचारलं, आणि माझाच आवाज मला चिडका वाटला, की एवढी वर्षं मी त्यांच्याशी बोलत नव्हते, तेव्हा तरी सांगायचं!

“सांगू का म्हनीसन इचारेल व्हतं मी त्याले,” आबा म्हणाले. “तो म्हने, ऱ्हाऊ दे. जवलोंग ती मन्हावर रागमा शे, तवलोंग तठे मुंबईमा टिकी.”