दोन हार्ड डिस्कची चोरी

नोकरीत शेकडो गुन्ह्यांचा तपास केला. बहुतेकांचे गुन्हा नंबरही आता लक्षात नाहीत. पण २००९ च्या उन्हाळ्यातली एक साधी चोरी अजून मनातून जात नाही. मी तेव्हा मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो.

सोमवारी सकाळी लवळ्याजवळच्या एका स्टुडिओचे मालक धावत ठाण्यात आले. हे गृहस्थ शिक्षकांची व्याख्यानं चित्रित करून इंटरनेटवर दाखवायचे. परदेशातली मुलंसुद्धा वर्गणी भरून ती बघत. त्यांच्या दोन हार्ड डिस्क गेल्या होत्या. त्यांत पदार्थविज्ञानाच्या एका नामांकित प्राध्यापकांची चाळीस व्याख्यानं होती. चित्रीकरण संपल्यावर महिन्याभरात ते प्राध्यापक वारले होते.

"साहेब, डिस्क बाजारात कुठेही मिळतील," मालक म्हणाले, "पण सर परत उभे राहून शिकवणार नाहीत."

त्यांनी मला साइटवरचं एक व्याख्यान दाखवलं. चित्र धुरकट होतं, फळ्यावरचं गणित वाचता येत नव्हतं. सर्व्हरचा खर्च कमी यावा म्हणून मूळ चित्रीकरण दाबून लहान केलं होतं. चांगली, मोठी प्रत फक्त त्या डिस्कमध्ये होती. कुलूप तुटलेलं नव्हतं, म्हणजे माणूस आतलाच.

मंगळवारी स्टुडिओच्या वॉचमनने आमच्या हवालदाराला बाजूला घेऊन खबर दिली. झाडलोट करणारी बाई शनिवारी संध्याकाळी डोक्यावर बोचकं घेऊन गेली होती. ही बाई चाळिशीची, वरच्या डोंगरातल्या वस्तीवरची. सकाळी तासभर उतरून यायची, आधी मुलींच्या हॉस्टेलच्या कँटीनमध्ये भांडी घासायची, मग स्टुडिओत यायची.

मी जीप काढली. चार शिपाई, एक महिला कॉन्स्टेबल, दोन पंच. जीप चढली तिथवर नेली, पुढे पायी. अख्खी वस्ती गोळा झाली. घरातल्या कणग्या उपसल्या, नाचणी अंगणात ओतली. बोचक्यात निघाले ते स्टुडिओने टाकून दिलेले पुठ्ठे, पावसाळ्यात कुडाला लावायला जमवलेले. तरीही मी तिला जीपमध्ये घातलं. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात आणायचं नाही, तिच्या घरीच विचारायचं, हा नियम मला पाठ होता. त्या दिवशी मी तो गुंडाळून ठेवला आणि स्टेशन डायरीत नोंदही केली नाही.

"डिस्क कुटं हायेत? काळ्या डब्या," महिला कॉन्स्टेबलने तिला कळेल अशा बोलीत विचारलं.

"त्या व्हय? त्या दाडीवाल्या पोरानं नेल्या. शनवारी. पाटीवरच्या पिशवीत घातल्या. मी फरशी पुसत व्हते."

"कोण दाढीवाला?" मी विचारलं.

"त्यो मशिनीवर बसतो त्यो. सायेब, मी कशाला खोटं सांगू? मला काय करायच्यात त्या डब्या?"

तो मुलगा स्टुडिओतला इंजिनिअर होता, परभणीकडून आलेला, जवळच्या जांबे गावात खोली घेऊन राहणारा. मी त्याला फोन केला. "तुम्ही शनिवारी काही नेलं का?" तो म्हणाला, "सर, मी रोज लॅपटॉप नेतो, तेवढंच." स्वच्छ भाषा, शांत आवाज. मी फोन ठेवला आणि बाईकडे वळून ओरडलो, "दुसऱ्यावर ढकलतेस?" त्याला मी तुम्ही म्हणत होतो आणि तिला तू, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

दिवस मावळायच्या आत सोडलं, बुधवारी पुन्हा बोलावलं. तोच प्रश्न वीस वेळा विचारला, तिने वीस वेळा तेच उत्तर दिलं. शेवटी ती बोलायचीच थांबली. मी तिच्यावर हात उगारला नव्हता, असं बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो.

गुरुवारी सकाळी मालकांचा फोन आला. "साहेब, परदेशातल्या एका मुलाचा मेल आलाय. आता फळा स्पष्ट दिसतो म्हणून आभार मानतोय. मी बघितलं, पहिली सात व्याख्यानं बदललीत. आरशासारखी स्वच्छ."

"मग चांगलं झालं की."

"अहो, लहान केलेल्या चित्रातून गेलेला तपशील परत आणता येत नाही. हे मूळ चित्रीकरणावरून नव्याने केलंय. डिस्क ज्याच्याकडे आहेत त्यानेच."

हे काम येणारा माणूस एकच होता. तासाभरात आम्ही जांब्यातल्या त्याच्या खोलीवर पोहोचलो. टेबलावर दोन्ही डिस्क, उघडा कॉम्प्युटर आणि तो तापू नये म्हणून त्यावर रोखलेला टेबलफॅन. पडद्यावर आठवं व्याख्यान तयार होत होतं. एकेका व्याख्यानाला दहा-बारा तास लागत. झालेलं व्याख्यान आपोआप सर्व्हरवर चढेल, अशी सोय त्याने केली होती.

मुलगा खाली बसला. "सर, फळ्यावरचं दिसतच नव्हतं. मुलं काय शिकणार? मालक म्हणाले, चालतंय. म्हणून शनिवारी नेलं. सोमवारी ठेवणार होतो, पण एकेकाला इतका वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात पोलीस आले आणि मी घाबरलो."

"बाईला आम्ही दोन दिवस बसवून ठेवलंय, हे माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. "माहीत होतं."

"मग लपवायचंच होतं, तर निदान हे मशीन तरी बंद करायचं!"

"अर्धं झालं होतं, सर."

मालकांनी तक्रार पुढे नेली नाही. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टात 'क' समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवली. मुलगा रडून म्हणाला, "मला त्या मावशींच्या घरी न्या, माफी मागायचीय." मी म्हणालो, "आता विषय वाढवू नका." खरं कारण वेगळं होतं. तो वस्तीवर गेला असता तर ठाण्यातलं सगळं चारचौघांत निघालं असतं.

पंधरा दिवसांनी मी एकटाच, साध्या कपड्यात वस्तीवर गेलो. बाईने तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. मी म्हणालो, "तुमच्यावर काही नाही. स्टुडिओवाले परत कामावर घेतायत."

"तितं न्हाई जायाची मी," ती म्हणाली. "हॉस्टेलवाल्यांनी बी काढलं. पोलिसांनी नेलेली बाई नगं म्हन्ले. त्यास्नी सांगताय का तुमी?"

"सांगतो."

त्याच दिवशी हॉस्टेलवर गेलो. तिथल्या मॅडमनी ऐकून घेतलं, चहा दिला. "तुम्ही म्हणता ते पटतंय, साहेब. पण मुलींचे लॅपटॉप असतात, पालक विचारतात. आणि आम्ही दुसरी बाई ठेवलीय."

तपासाने मला एक गोष्ट शिकवली. संशय घेऊन गेलो तेव्हा जीप होती, पंच होते, सगळी वस्ती बघत होती. संशय फिटल्याचं सांगायला मात्र गुपचूप गेलो, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच कळलं नाही. पुढे ज्या ज्या ठाण्यात होतो, तिथे निर्दोष सुटलेल्या माणसाला वर्दीतल्या अंमलदारासोबत त्याच्या गावात पोहोचवायचं आणि चार लोकांसमोर तसं सांगायचं, हा शिरस्ता मी पाळला. हाताखालच्यांना तो विचित्र वाटायचा.

तिला मी सांगतो म्हणालो होतो. हॉस्टेलवाले नाही म्हणाले, एवढं कळवायलाही पुन्हा डोंगर चढण्याची हिंमत मला झाली नाही. दिवाळीनंतर माझी बदली झाली.