भोंग्याचा रबर

मिरजोळ्याच्या रस्त्यावर पोलीसचौकीचा नाका होता, तिथे मी शिपाई होतो. तेव्हा रस्त्याला बैलगाड्याच फार, मोटार एखादी. अशात आमच्या वाडीतला एकजण फटफटी घेऊन आला. शाळेत माझ्या शेजारी बसायचा. गणितात नापास झाला, घर सोडून आगबोटीवर इंजिनात कामाला लागला. मी पास होऊन शिपाई झालो. आता तो सुट्टीवर येऊन चिऱ्याचं नवं घर बांधत होता, आणि सामानासाठी रोज फटफटीने रत्नागिरीच्या बाजारात जात होता.

आई म्हणाली, "आपल्या आवशीला, म्हातारीला, मागे बसवून देवळात नेलान हो त्याने! नशीबवान बाई."

मी जेवणावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी त्याला हात केला. तो थांबला, इंजिन बंद करून खाली उतरला, परवाना काढून दिला.

"बघा, शिपाईसाहेब."

वाडीत तो मला अरेतुरे करायचा. इथे अहोजाहो. ते मला जास्तच झोंबलं. कागद चोख होते. तरी मी त्याला उन्हात उभा ठेवला, नंबर दोनदा वाचला. पुढल्या दिवशी पुन्हा थांबवला. तिसऱ्या दिवशीही. तो दर वेळी उतरायचा, कागद द्यायचा, एका शब्दाने उलट बोलायचा नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी मी भोंगा दाबून पाहिला. रबर फाटलेला. नुसती हवा फुसफुसली. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"चल चौकीत."

तिथे त्याला दुपारपर्यंत बाकावर बसवला. एकदाच म्हणाला, "गवंडी खोळंबले असतील." मी ऐकलंच नाही असं केलं.

जमादार जेवून आले. त्यांनी विचारलं तेव्हा तो उभा राहिला.

"चूक माझी आहे. वळणावर पोरं खेळत असतात, भोंग्याशिवाय गाडी बाहेर काढायला नको होती. आज बाजारातून रबर आणणारच होतो."

"आणा, बसवा, मग चालवा. आज गाडी ढकलत न्या," जमादार म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "एवढ्यासाठी माणूस सकाळपासून बसवलास? आणि काल का थांबवला होतास? परवा?"

माझ्याऐवजी तोच म्हणाला, "त्यांचं काम करतायत ते."

तो गेल्यावर जमादारांनी दार लोटलं. "डगला सरकारचा आहे. पोटातली जळजळ तुझी. ती घरी ठेवून येत जा."

तो उन्हात एवढी जड फटफटी ढकलत चढणीला लागलेला मला खिडकीतून दिसत होता. जाऊन मागून हात लावावा असं वाटलं. गेलो नाही.

त्यानंतर मी त्याला अडवलं नाही, पण मत्सर काही गेला नाही. घराची वास्तुशांत झाली तेव्हा त्याच्याकडून बोलावणं आलं. पोटात दुखतंय सांगून मी आईला एकटीला पाठवलं. परत येऊन ती दोन दिवस त्या घराच्या ओटीचंच कौतुक करत होती.

पुढे बोटीवर परतताना त्याने फटफटी गावातल्या एका वकिलांना विकली. ते नाक्यावरून जाताना भोंगासुद्धा वाजवत नसत, आणि वळण भरधाव घेत. मी उभा राहून त्यांना सलाम ठोकायचो. कागद बघावेत असं एकदाही मनात आलं नाही.