ओल्या जमिनीवरच्या रेघा

कॅनडातल्या आमच्या सीटकव्हरच्या वर्कशॉपमध्ये जमीन उबदार राहावी म्हणून काँक्रीटखाली गरम पाण्याच्या नळ्या ह्यांनीच टाकल्या होत्या. नकाशा ह्यांच्या डोक्यात होता, आणि ह्यांना जाऊन आता वर्ष झालं.

नव्या मशीनसाठी जमिनीत भोकं पाडायला शिंदे आले. नळी फुटू नये म्हणून त्यांनी आधी हीटिंग सुरू करून जमीन ओली केली. नळ्यांवरची जागा आधी वाळली आणि लांब रेघा उमटल्या. माझ्या शिलाईच्या खुर्चीखाली मात्र त्या अगदी दाट होत्या.

"वहिनी, इथेच एवढ्या कशाला टाकल्या?"

माझे पाय कायम गार पडायचे. ह्यांना माझी कधी काळजीच वाटली नाही, असं मी बहिणीला फोनवर किती वर्षं सांगत आले. माणूस बोलत नाही एवढ्यावरूनच आपण सगळं ठरवून टाकतो. मी खुर्चीत बसले आणि चपला काढून पाय त्या रेघांवर टेकवले.