ड्रायव्हरबाईंची रजा

ड्रायव्हरबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. डेपोत त्या ड्रायव्हरबाई, बिल्डिंगमध्ये ड्रायव्हरबाई, आणि घरी नवरासुद्धा फोनवर लोकांना सांगायचा, की थांबा, ड्रायव्हरबाई आल्या की विचारून कळवतो. स्टेशन ते मोठं हॉस्पिटल आणि हॉस्पिटल ते स्टेशन, हा त्यांचा रूट. लग्नानंतर काही वर्षांतच त्यांनी ती बस हातात घेतली आणि मुलगा शिकून परगावी नोकरीला लागला तरी रूट काही बदलला नाही. कुठल्या वळणावर कोणाचं कुत्रं आडवं येतं, कुठल्या थांब्यावरचे मास्तर एका पायात चप्पल घालत पळत येतात, हे बाईंनी झोपेतही सांगितलं असतं. काही माणसं नाकासमोर चालतात, बाई नाकासमोर बस चालवायच्या.

त्यांच्या बसच्या अंगावर पर्यटन खात्याची जाहिरात रंगवलेली होती. एका बाजूला धबधबा, दुसऱ्या बाजूला साद घालायची दरी आणि पाठीवर समुद्राकाठचं दीपगृह. ही तिन्ही चित्रं बाईंनी वर्षानुवर्षं गावभर मिरवली. एका टेम्पोनं दीपगृहाचं टोक खरवडलं तेव्हा स्वतःचं ढोपर फुटल्यासारख्या त्या त्याच्याशी भांडल्या. पण यातलं एकही ठिकाण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

यंदा डेपोच्या साहेबांनी बजावलं, की साठलेली रजा घ्या, नाहीतर बुडेल. बाईंनी रजा घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी घरातली सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या दिवशी तीच कपाटं पुन्हा आवरायला काढली, तेव्हा नवऱ्यानं हात टेकले आणि बाईंच्या दोन्ही मैत्रिणींना बोलावून घेतलं.

या दोघी शाळेपासूनच्या. एक बेकरीवाली. तिची भट्टी पहाटेच पेटायची, त्यामुळे दिवस मावळला की ही जिथे असेल तिथे, बोलता बोलता, घास तोंडात असताना झोपायची. दुसरी चष्मेवाली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावून लावून तिला अशी खोड लागली होती, की कुठलीही पाटी दिसली की ती मोठ्यानं वाचायची. बाईंची अवस्था ऐकून चष्मेवालीनं एक घाव दोन तुकडे केले. बसवरची तिन्ही चित्रं आपण खरीखुरी बघून यायची, म्हणाली. बेकरीवालीच्या भाच्याकडे कॅम्पर व्हॅन होती. आत गॅसची शेगडी, हात धुवायचं बेसिन, उघडला की पलंग होणारा सोफा, आणि खटका दाबला की छत्रीसारखं वर उचललं जाणारं छप्पर. भाच्यानं किल्ली दिली आणि छपराचा खटका चालत्या गाडीत दाबायचा नाही, एवढंच बजावलं. बेकरीवालीनं पुढच्याच सिग्नलला तो दाबून बघितला. गाडी उभी होती, त्यामुळे नियम काही मोडला नाही, असं तिचं म्हणणं.

बाईंचा नवरा प्लंबर. निघायच्या आधी त्यानं बेसिनखालची नळी तपासून आवळून दिली आणि विचारलं, की सुट्टीतही तू गाडीच हाकणार का? बाई म्हणाल्या, "चांभार सुट्टीत काय अनवाणी हिंडतो?"

गाव मागे पडलं तशा तिघी पार चेकाळल्या. चष्मेवाली पुढे बसून पाट्या वाचत होती. 'सावकाश जा, घरी कोणीतरी वाट पाहत आहे.' 'येथे टायर पंक्चर काढून मिळेल.' 'कुत्र्यापासून सावध.' बेकरीवाली मागे सोफ्यावर पाय पसरून उंटावरून शेळ्या हाकत होती. तिनं एवढे पाव बरोबर घेतले होते, की कपाट उघडलं की एखादा आपणहून मांडीवर यायचा. बाई आरशात बघायच्या, मागे उभ्या प्रवाशांच्या गर्दीऐवजी त्यांना फुलाफुलांचे पडदे आणि मैत्रिणीचे तळवे दिसायचे, आणि त्यांना इतकं हसू फुटायचं की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागायचं.

पहिलं छोटं गाव लागलं आणि तिथेच घोटाळा झाला. रस्त्याच्या कडेला बसथांबा होता. थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, हातात काठी, काखेत पिशवी. त्यांनी हात केला. बाईंच्या डोक्याला कळायच्या आत बाईंच्या पायाला कळलं. व्हॅन हळूच कडेला आली आणि तिचं दार बरोबर खांबासमोर येऊन थांबलं. हवा यावी म्हणून बेकरीवालीनं ते सरकतं दार उघडंच ठेवलेलं होतं. गृहस्थ दांडीला धरून वर चढले.

"सरळच जाणार ना?" त्यांनी विचारलं.

"हो, पुढे सरका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी काढली.

गृहस्थ पुढे सरकले. त्यांनी शेगडी पाहिली, बेसिन पाहिलं, पडदे पाहिले आणि सोफ्यावर बसत म्हणाले, की सोयी फारच सुधारल्या आहेत. मग खिशातून ज्येष्ठ नागरिकांचा पास काढून त्यांनी बेकरीवालीसमोर धरला. तिनं पास घेतला, उलटसुलट पाहिला, परत दिला आणि वर एक पाव दिला. पुढे चष्मेवालीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. बाईंच्या लक्षात आपण काय केलंय ते पुढच्या वळणावर आलं. त्या कानापर्यंत लाल झाल्या, गाडी झाडाखाली उभी केली, मागे वळल्या आणि सांगितलं, की काका, माफ करा, ही बस नाही.

काकांनी पावाचा घास शांतपणे गिळला. मला वाटलंच होतं, म्हणाले, पण गादी मऊ लागली म्हणून बोललो नाही.

यावर तिघी अशा हसल्या, की गाडी डोलायला लागली आणि शेतातल्या माणसानं काम थांबवून पाहिलं. काकाही हसले. ते शिंपी होते. दुकान मुलाला देऊन आता मोकळे झाले होते, आणि आठवड्यातून एकदा पुढच्या गावी मुलीकडे जेवायला जायचे. मुलगी शाळेत मुख्याध्यापिका. ती जेवणाबरोबर साखर, रक्तदाब आणि शिस्त अशा तीन विषयांचा तासही घ्यायची. तुम्ही कुठे निघालात, असं त्यांनी विचारलं. धबधब्याला, असं कळल्यावर त्यांनी हातातला पाव खाली ठेवला.

"आमच्या घरापासून इतका जवळ," ते म्हणाले, "पण मी पाहिला नाही. आमच्या हिला फार हौस होती. मी म्हणायचो, एवढी लग्नसराई उरकू दे, एवढे कपडे देऊन टाकू दे. लोक काही लग्नं करायचे थांबले नाहीत. ही मात्र गेली."

बाईंनी आरसा नीट केला आणि विचारलं, "काका, मुलीला फोन करता, की मी करू?"

काकांनीच केला. बसनं वाट बदलली आहे, मला यायला संध्याकाळ होईल, एवढं सांगून त्यांनी पलीकडून काही ऐकू यायच्या आत फोन बंद केला आणि खोडी काढलेल्या पोरासारखे सोफ्यावर मागे रेलले.

धबधबा चित्रातल्यापेक्षा मोठा निघाला. चित्रात आवाज नव्हता, इथे छातीत ढोल वाजत होता. तुषारांनी चष्मेवालीचा चष्मा असा काही माखला, की तिला तेवढी एकच पाटी वाचता आली नाही. पाटीवर लिहिलं होतं, 'यापुढे गेल्यास भिजाल.' ती पुढे गेली, तिच्या मागे बेकरीवाली, बेकरीवालीच्या मागे बाई. काका काठी टेकत सगळ्यांच्या मागून आले आणि पाण्याचा एक फवारा सरळ त्यांच्या तोंडावर बसला. ते डोळे मिटून तसेच उभे राहिले. चेहरा पुसला नाही. म्हणाले, की आमची ही म्हणायची तसंच आहे. मग आपले ओले कपडे चिमटीत धरून त्यांनी शिंप्याच्या नजरेनं पाहिलं आणि हे कापड आता आटणार, असा निकाल दिला. गाडीत त्यांना भाच्याचा पिवळाधमक टी-शर्ट मिळाला, त्यावर दात विचकणारा मासा होता. तो त्यांनी खांद्याची शिवण बरोबर बसली आहे ना, हे बघून मगच घातला.

दरी तिथून जवळच होती. कठड्याशी लोकांची रांग लागलेली. जो तो आपलं किंवा आपल्या माणसाचं नाव घेऊन साद घालत होता. बेकरीवालीनं भट्टीवरच्या पोऱ्यांना दटावतात तसा आवाज दिला. चष्मेवालीनं सगळी मुळाक्षरं म्हणायला घेतली, मागच्यांनी कुरकुर केली तेव्हा ती 'ख'वर थांबली. मग बाईंची पाळी आली. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर पडायची रोजची सवय होती तेच पडलं.

"पुढे सरका!"

सरका, सरका, सरका, दरी म्हणाली. आणि मागची अख्खी रांग मुकाट्यानं दोन पावलं पुढे सरकली.

चष्मेवाली हसत हसत खालीच बसली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माशाच्या शर्टातले काका जवळ आले आणि म्हणाले, की बाई, आता नाव घ्या बघू, स्वतःचं. बाईंनी घेतलं. ते आधी त्यांच्या ओठांनाच परकं वाटलं. पण पलीकडच्या कड्यावरून ते परत आलं तेव्हा बाईंना वाटलं, की तिकडे आपल्यापेक्षा थोडी तरुण, थोडी वांड अशी एक बाई राहते आणि ती आपल्याला ओळखते.

मुलीचं गाव येईपर्यंत दिवस मावळला होता. बेकरीवालीला गाढ झोप लागली होती. मुख्याध्यापिका फाटकात कमरेवर हात ठेवून उभी होती. बाबा, तुम्ही कुठे होतात, या तिच्या प्रश्नावर काकांनी खाली उतरत, बसमध्ये, असं खरं तेच उत्तर दिलं. तिनं माशाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि चौकशी करायच्या इराद्यानं तावातावानं गाडीत चढली. आत आली आणि जिथे बसली तिथे नेमके बेकरीवालीचे पाय होते.

"थांबा, गरम आहेत, हात भाजेल," बेकरीवाली झोपेतच म्हणाली.

मुख्याध्यापिकेचा चेहरा आधी ताणला गेला, मग थरथरला आणि मग तिला हसू फुटलंच. बाहेर काकांनी काठी टेकून कान दिला. आई गेल्यापासून, ते हलक्या आवाजात बाईंना म्हणाले, मी हिचं हसणं ऐकलं नव्हतं. मग मुलीनं सगळं पाहिलं, शेगडी पेटवून विझवली, पडदे सरकवले, छपराचा खटका दाबून बघितला. शेवटी तिनं वळून अगदी ऑफिसातल्या आवाजात विचारलं, की उद्या तुमचा कार्यक्रम काय आहे आणि जागा आहे का?

गाडी त्या रात्री तिच्याच अंगणात मुक्कामाला राहिली. सकाळी मुख्याध्यापिकेनं आयुष्यात पहिल्यांदा शाळेत फोन करून पोट दुखत असल्याचं कळवलं. हसून हसून ते खरंच दुखत होतं, त्यामुळे अगदीच खोटं म्हणता येणार नाही.

दीपगृहाच्या गोल जिन्यावर वारा शिट्ट्या घालत होता. बापलेक एकमेकांना धरून चढत होते आणि कोण कोणाला आधार देतंय ते सांगणं कठीण होतं. वर पोचल्यावर बेकरीवालीनं पिशवीतून पाव काढला, तो वाऱ्यानं हातातून उडवला आणि एका समुद्रपक्ष्यानं अधांतरी झेलला. मग काय, सगळे पाव संपेपर्यंत पाचही जण तेच करत बसले. पोटदुखीनं घरी असलेल्या मुख्याध्यापिकेचा नेम सगळ्यांत चांगला होता.

बापलेकीला घरी सोडलं तेव्हा काकांनी शर्ट परत द्यायला नकार दिला. मुलीनं बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, की पुढच्या वेळी थांबा इथेच, फाटकासमोर. बाई म्हणाल्या, थांबेन.

परतीच्या रस्त्याला लागताना चष्मेवालीनं किल्ली मागितली. बाई आधी नको म्हणाल्या, मग कधी नव्हे ते त्यांनी किल्ली सोडली आणि मागे जाऊन बसल्या. सुरुवातीला त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेवर ब्रेक दाबत होता. चष्मेवाली बैलगाडीच्या चालीनं चालली होती, मागची वाहनं भोंगे वाजवत होती आणि ती प्रत्येक पाटी नीट, पूर्ण वाचत होती. हळूहळू बाईंचा पाय थंडावला. त्यांनी सँडल काढल्या आणि पलंगावर आडव्या होऊन डोकं खिडकीशी टेकवलं. इतकी वर्षं त्यांनी रस्ता नेहमी समोरून, अंगावर येतानाच पाहिला होता. आज तो बाजूनं जात होता. कोणाच्या तरी गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे, झाडाखाली झोपलेला माणूस, वरखाली होत पळणाऱ्या विजेच्या तारा. एका घराच्या पायरीवर एक लहान मुलगी बसली होती, तिनं हात हलवला, आणि बाईंना दोन्ही हात मोकळे होते, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी हलवले.