गाऱ्हाण्यातली एक ओळ

धंद्यात काय बोलावं हे कोणीही शिकवतो. काय गिळावं, ते ज्याचं त्याने शिकायचं. मी शिकलो होतो, आणि त्याची मला मिजासही होती.

रत्नागिरीजवळ माझा काजूचा कारखाना होता. तो मी विकायला काढला. घेणाऱ्याची एकच अट, सह्या होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. तो यंत्रं आणणार होता, काजू सोलणाऱ्या बायांची त्याला गरज नव्हती. पण बाया आधीच पांगल्या असत्या तर हातातला माल अडकला असता आणि सौदा फिसकटला असता. म्हणून मी घरी बायकोपाशीसुद्धा बोललो नाही.

हंगामाच्या पहिल्या सकाळी बायांची मुकादमीण माझ्या केबिनच्या दारात आली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या बोटांवर चाललेलं.

"शेठ, लांज्याच्या कारखान्यात एक जागा निघालेय. आजच कळवायचंय. जाऊ की राहू?"

"राहा गो बाय," मी म्हटलं. "तुझ्याशिवाय माझं पान हलतं काय?"

इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

मग दरसालसारखा फाटकाजवळच्या झाडाखाली राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला, नारळ. आमचा म्हातारा वॉचमन गाऱ्हाणं घालायचा आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला आम्ही सगळे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचो. मालाला भाव मिळू दे. व्हय म्हाराजा. काजूच्या चिकाने कुणाचे हात भाजू नयेत. व्हय म्हाराजा.

"आणि कुणी कुणापासून काय लपवलं असेल, तर ते तुझ्या नजरेत असू दे रे म्हाराजा."

बाया म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." मी माझं व्हय गिळलं आणि वर पाहिलं. वारा पडला होता. डोक्यावरच्या झाडाचं खरोखरच पान हलत नव्हतं.

नंतर मी वॉचमनला बाजूला घेतलं. ही ओळ कुठून काढलीस?

"दरसाल हेच म्हणतो, शेठ. आणि तुम्ही दरसाल व्हय म्हणता."

मला ती ओळ आठवेना. आजही आठवत नाही.

संध्याकाळी बाया सुटल्या. आमच्याकडे निघताना कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात. मुकादमीण दारातून म्हणाली, "जाते, शेठ."

मी तिच्यामागे फाटकापर्यंत धावलो. "जाते का म्हणालीस?"

"मी? येतेच म्हटलं की." सोबतच्या बायांनीही माना डोलावल्या.

"लांज्याला काय कळवलंस?"

"नाही म्हणून सांगितलं दुपारीच. तुम्ही राहा म्हणालात ना."

खरं सांगायचं होतं तर तेव्हाच. फोन तिच्या हातात होता, जागा अजून भरलीही नसेल. मी म्हटलं, "बरं केलंस." या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

महिन्याभरात सह्या झाल्या, आणि मग मी बायांना सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकेक करून त्या मुकाट्याने निघून गेल्या. मुकादमीण शेवटी राहिली. ॲप्रन घडी करून तिने टेबलावर ठेवला आणि दारात वळली.

"येते, शेठ."

या वेळी मी नीट ऐकलं. रोज यावर मी "ये हां" म्हणायचो, आणि ती उत्तरासाठी दारात थांबून राहिली होती.