शिवरामच्या जांघेतली गाठ

तुम्ही डॉक्टरकडे जाता तेव्हा त्याने तुमचे पाय शेवटचे कधी पाहिले?

शिवराम परबचे पाय कोणीच पाहिले नव्हते. पाहिली होती ती जांघेतली गाठ. सर्जनने ती काढून आमच्या पॅथॉलॉजी विभागात पाठवली, आणि मी सकाळपासून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. शिवराम लालबागचा गिरणी कामगार. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी कॅन्सर म्हटलं, तर जांघेवर डीप एक्स-रेचे किरणोपचार. म्हणजे मूल होण्याची आशा बहुधा कायमची गेली.

लिम्फ ग्रंथी म्हणजे शरीराच्या चौक्या. जंतू आले की आतले पहारेकरी वाढतात, ग्रंथी सुजते. याला लिम्फॉइड हायपरप्लेसिया म्हणतात. ही वाढ गरजेपोटी होते, गरज संपली की ओसरते. कॅन्सरमध्ये मात्र तेच पहारेकरी कोणी न बोलावता वाढतात. त्यातला एक प्रकार तर असा, की काचेखाली हायपरप्लेसियासारखाच दिसतो. मोर्चा आणि दंगल वरच्या गॅलरीतून सारखीच दिसतात ना, तसं.

स्लाईडच्या एका बाजूला पेशींचे गोल पुंजके लहानमोठे होते. हे चांगलं लक्षण. दुसऱ्या बाजूला ते एकसारखे, एकमेकांना खेटून. हे वाईट. मी चष्मा पुसला. नवी स्लाईड कापून घेतली. तीही तशीच.

"कॅन्सर लिहा," सर म्हणाले. ते आमचे विभागप्रमुख.

"सर, अर्धी स्लाईड नाही म्हणते."

"आणि अर्धी हो म्हणते. चुकून सोडला तर माणूस मरेल, बाई."

"मी एकदा पेशंट बघून येऊ?"

"आपण स्लाईड बघतो. माणसं बघायला वॉर्ड आहे."

तरी मी गेले. शिवराम खाटेवर मांडी घालून, पायांवर चादर ओढून बसला होता. बायको, सुमती, शेजारी उभी. मान, काखा तपासल्या. काही नाही. फुगवटा फक्त दोन्ही जांघांत. पायाला जखम झाली की तिथल्याच ग्रंथी सुजतात.

"पाय दाखवा."

"डॉक्टरांसमोर पाय पसरूक बरा दिसता काय?" त्याने चादर आणखी ओढली.

"अहो, दाखवा," सुमती म्हणाली. "खरा काय ता सांगा."

"गप रव. सरकारी इस्पितळ हा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हा सरकारविरुद्धच्या चळवळीतला माणूस. मी हळू म्हटलं, "माझे वडील गिरगावात छापखाना चालवतात. संयुक्त महाराष्ट्र समितीची पत्रकं तिथेच छापतात. घड्या मी घालते."

शिवरामने माझ्याकडे नीट पाहिलं आणि चादर काढली. टाचा फाटलेल्या, बोटांच्या बेचक्यांत पू, तळव्यात लोखंडाच्या कातरणाची जुनी जखम. मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत पायात वहाण घालणार नाही, असा पण त्याने चाळीत सगळ्यांसमोर केला होता.

मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सर हसले. "अर्धी मुंबई अनवाणी चालते. सगळ्यांना अशा गाठी येतात?"

खरंच, सगळ्यांना येतात का? की येतात आणि आम्ही बघत नाही?

"तीन आठवडे देतो," सर म्हणाले. "पेनिसिलिन द्या, ड्रेसिंग करा. दुसऱ्या जांघेतली गाठ उतरली नाही, तर मी सही करणार."

आता खरी पंचाईत. मी शिवरामला म्हटलं, "चप्पल घाला."

"माका मारून टाका, पण ता सांगू नका. लालबागात तोंड खंय दाखवू?"

रस्त्यावर भेटला असता तर त्याला मीच सलाम केला असता. आणि इथे त्याचा पण मोडायला सांगत होते. माझं कुठलं तोंड खरं?

सुमतीने प्रश्न निकालात काढला. "महाराष्ट्र काय तुमच्या पूवान येतलो? चप्पल नको तर नको. मी पाय बांधून देतंय." तिने जुन्या लुगड्याच्या जाड पट्ट्या केल्या. रोज औषध, वर पट्टी, घरातून गिरणीत आणि गिरणीतून घरी. पायांना लुगडं गुंडाळलेलं बघून चाळीने थट्टा केली, 'परबाक बाळंतपण इला' म्हणून. पण त्याने शपथ मोडली, असं कोणी म्हणालं नाही.

तीन आठवड्यांनी सरांनी स्वतः जांघ चाचपली. गाठ हरभऱ्याएवढी उरली होती. त्यांनी 'लिम्फॉइड हायपरप्लेसिया' लिहिलं, सही केली आणि मला म्हणाले, "जिंकलात असं समजू नका. तो कॅन्सरही कधीकधी आपणहून ओसरतो. दर सहा महिन्यांनी बोलवा."

महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात शिवराम आला. पायात कोल्हापुरी, नव्या चामड्याची करकर, कडेवर मुलगी. गाठ वाढलेली नव्हती. "आता घातलंय," तो म्हणाला आणि पाय चक्क पुढे करून दाखवले.

ती स्लाईड मी अजून अधूनमधून काढते. अर्धी अजून हो म्हणते, अर्धी नाही. मला ती पुरती कळलेली नाही. कळलं ते इतकंच, की उत्तर काचेखाली दिसत नसेल तर चादरीखाली बघावं.

म्हणून मागणी एकच आहे. डॉक्टरकडे जाल तेव्हा पाय पुढे करा. एखादा पण, नवस किंवा उपास धरला असेल तर न विचारता सांगा. त्याने ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा. मोठ्याने.