खोडलेला शब्द

वर्ध्याजवळच्या एका विहारात मला रोज एक वृद्ध जपानी भिक्खू दिसत. बुद्धश्रद्धेने ते तारुण्यातच इकडे आले आणि मराठीत कविता करू लागले. प्रत्येक कविता ते अंगण झाडणाऱ्या बाईंना वाचून दाखवत.

"भंतेजी, एवढा जड शब्द काऊन घातला? काढा तो!" बाई दरडावत. भिक्खू हसत पेन्सिलीने तो खोडत.

मी पन्नास वर्षे संस्कृत स्तोत्रे रचली आहेत. एकदा भिक्खू मला म्हणाले, "यांना ऐकवा."

मी पहिला श्लोक म्हणताच बाईंनी खराटा ठेवून हात जोडले.

"काय चुकले ते सांगा," मी विनवले.

"तुमच्या मंत्रातलं मले काय समजते जी!"

भिक्खूंच्या वाट्याला बाईंचे भांडण येते, माझ्या वाट्याला नमस्कार. हा मत्सर नामस्मरणानेही शमत नाही.